चक्राचा वाटा

महिन्यातून एकदा केतकी नांद्रेकर आपल्या नवऱ्याला खुनी म्हणायची आणि पाच-सहा दिवसांनी त्याची माफी मागायची. सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

एरवी ती शांत बाई. मिरजेतल्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी. गावोगावच्या विहिरींचं, टाक्यांचं पाणी बाटल्यांत भरून तिच्या टेबलावर यायचं. त्यातला गढूळपणा, क्षार, क्लोरीन मोजून ती नीटस अक्षरात आकडे लिहायची. पण पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस आले की तिची तिलाच ओळख पटेनाशी व्हायची. झोप उडायची. छातीत सारखं धडधडायचं. शेजारच्या घरात कुणी कुकरचं झाकण आपटलं तरी अंगावर काटा यायचा. मग एखाद्या संध्याकाळी काहीतरी किरकोळ निमित्त व्हायचं, आणि ती सुजयसमोर उभी राहून म्हणायची, "तुम्ही दोघांनी मारलंत तिला. तू आणि आईंनी."

तिला म्हणजे गार्गीला. त्यांची एकुलती मुलगी, पाच वर्षांची असताना डेंग्यूनं गेली होती.

सुजय उलट बोलायचा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकायचा आणि चप्पल घालून बाहेर पडायचा. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "मनावर घेऊ नकोस रे. तिचे ते दिवस आहेत." पाळी सुरू झाली की दुसऱ्या दिवशी केतकीच्या डोक्यावरचं ओझं कुणीतरी उचलून नेल्यासारखं व्हायचं, आणि मागे उरायची नुसती शरम. ती सुजयजवळ जाऊन बसायची. "मी बोलले ते..."

"मला माहितीय," तो म्हणायचा. "ते तू बोलत नसतेस."

हे वाक्य तो मायेनं म्हणायचा. केतकीही ते इतकी वर्षं मायेनंच ऐकत आली होती.

एका बुधवारी तिनं गॅसवरचं दुधाचं पातेलं ओट्यावरून ढकलून दिलं. उकळतं दूध तिच्याच पायावर सांडलं. मलमपट्टी करून घरी आल्यावर सुजय म्हणाला, "आता पुरे झालं, केतकी. रुग्णालयात नवीन उपचार आलाय म्हणतात. गोळ्या नाहीत, काही नाही. चित्रं काढायची असतात."

"चित्रं?" ती पायाकडे बघत म्हणाली. "शाळेत मी हत्ती काढला होता, तर बाईंनी डुक्कर बरं जमलंय म्हणून शाबासकी दिली होती."

कितीतरी महिन्यांनी दोघं एकत्र हसली.

डॉक्टर सईदा मुजावर पन्नाशीच्या, बोलायला सावकाश. त्यांच्या खोलीत एक उतरतं मेज होतं आणि त्यावर पाटीसारखी दिसणारी राखाडी रंगाची पातळ फळी. तिला सगळे रेखापाटी म्हणत. सोबत एक बोथट लेखणी, कपाळाला बांधायचा पट्टा आणि घामातली संप्रेरकं मोजणारं मनगटी कडं.

"आधी तुमचा आजार समजून घ्या," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या रक्तात काही कमीजास्त नाही. महिन्याच्या मध्यावर बीज सुटलं की प्रत्येक बाईच्या अंगात प्रोजेस्टेरॉन वाढतं. त्याचा एक अंश मेंदूत जातो आणि तिथं गुंगी आणणारं, शांत करणारं काम करतो. बहुतेकींना त्यानं बरं वाटतं. पण शंभरातल्या तीन-चारजणींच्या मेंदूत त्याच द्रव्यानं उलट होतं. शांत व्हायच्या जागी मेंदू पेटतो. हा स्वभावाचा दोष नाही. कुलूप-किल्लीचा घोटाळा आहे म्हणा."

"आणि चित्रानं ते कसं थांबतं?"

"चित्रकलेचा उपयोग होतो हे फार आधीपासून माहीत होतं. माती, रंग, गोधडीचे टाके, काहीही. पण कुणाला व्हायचा, कुणाला नाही, आणि का, ते कळत नव्हतं. मग लक्षात आलं, की माणूस सावकाश, न उचलता रेघ ओढतो तेव्हा हाताची लय आणि मेंदूतल्या लहरींची लय एकमेकींना धरून चालायला लागतात. ही पाटी त्या लहरी ऐकते. तुमचा मेंदू भडकायला लागला की लेखणीखालचा पृष्ठभाग ती किंचित खरखरीत करते, निवला की गुळगुळीत. तुम्हाला ते जाणवतही नाही, पण हाताला जाणवतं. हात रेघ सावरतो आणि रेघेच्या मागोमाग मेंदू सावरतो. महिन्याचे बारा दिवस, रोज चाळीस मिनिटं. तीन-चार महिन्यांत मेंदू ते शिकतो. पाटी फक्त सोबत करते. औषध तुमची रेघच."

पहिल्या दिवशी केतकीनं नुसत्या बाटल्या काढल्या. दुसऱ्या दिवशी बाटल्यांतलं पाणी. चौथ्या दिवशी पाण्याची विहीर काढता काढता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. डॉक्टर खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

प्रत्येक चित्राखाली एक आकडा उमटायचा. चक्राचा वाटा, अठ्ठावन्न टक्के. चक्राचा वाटा, चौसष्ट टक्के. हे या यंत्राचं दुसरं अंग होतं, आणि ते कुणी मुद्दाम शोधलेलं नव्हतं. लाखो बायकांच्या रेघा पाहून पाहून पाटी शिकली होती की या दिवसांतल्या रेघेचा दाब कसा, थरथर कुठं, वळणावर हात किती अडखळतो. रेघ दाखवली की ती सांगायची, यातलं चक्रामुळं किती.

हा आकडा डॉक्टरांसाठी होता, पण दवाखान्यात राहिला नाही. कुठंतरी एका दाव्यात वकिलानं तो कोर्टापुढं ठेवला. काही कचेऱ्यांनी बायकांकडून महिन्याच्या महिन्याला तो मागवायला सुरुवात केली, काळजी म्हणून. केतकीच्या प्रयोगशाळेतही साहेबांनी तिचा एक अहवाल सहीआधी दुसऱ्याकडून तपासून घेतला. "राग मानू नका मॅडम, आज तुमचा आकडा जरा जास्त असेल ना, म्हणून." अहवाल बरोबर निघाला. साहेबांनी सही केली, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तपासून घेतला.

पण उपचार लागू पडला, हे खरं. दुसऱ्या महिन्यात झोप परत आली. तिसऱ्या महिन्यात ते दिवस आले कधी, गेले कधी, कळलं नाही. चौथ्या महिन्यात आकडा नऊवर उतरला. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, "चित्रात आमच्या सुनेचा हात कुणी धरू शकत नाही." सुजय संध्याकाळी लवकर घरी यायला लागला. एकदा गजरा घेऊन आला, आणि तो द्यायचा कसा हेच विसरल्यासारखा टेबलावर ठेवून मोकळा झाला.

त्याच सुमाराची गोष्ट. एका रविवारी तिघं जेवत होती. सासूबाईंनी मेथीची भाजी वाढली, सुजयनं अजून मागितली, पाण्याचे तांबे या हातातून त्या हातात गेले. सगळं इतकं सुरळीत होतं की केतकीचा घास हातातच राहिला. घरात काहीतरी कमी होतं. काय, ते कळायला तिला थोडा वेळ लागला.

चार महिन्यांत या घरात कुणी गार्गीचं नाव घेतलं नव्हतं.

शेवटचं नाव निघालं ते दूध सांडलं त्या दिवशी, आणि तेही तिनंच घेतलं होतं. मग तिनं आणखी मागं जाऊन आठवलं. वाढदिवशी नाही, दिवाळीत नाही, फोटो पुसताना नाही. सहा वर्षं त्या लेकराचं नाव फक्त भांडणात निघत आलं होतं, आणि भांडण आता बरं झालं होतं.

पुढच्या आठवड्यात ती डॉक्टरांकडे गेली ती पाळी होऊन नववा दिवस असताना. म्हणजे महिन्यातला सगळ्यात निवांत काळ. नुसती तपासणी होती. तिनं लेखणी घेतली आणि हात जाईल तिकडं जाऊ दिला. उशीवर पडलेला एक छोटा हात उतरला, तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली. खाली आकडा आला. चक्राचा वाटा, दोन टक्के.

डॉक्टरांनी चित्र बराच वेळ पाहिलं. "केतकीताई, हे माझ्या उपचारात बसत नाही. हे आजाराचं चित्र नाही. कुणाचा हात आहे?"

केतकीनं सांगितलं. पहिल्यांदाच, न ओरडता, सुरुवातीपासून. गार्गीला चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी दुपारी तो उतरला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. पण केतकीला चैन पडेना. पोरीचे हातपाय गार लागत होते. ती नुसती पडून होती. केतकी म्हणाली, दवाखान्यात नेऊ या. सुजय म्हणाला, ताप उतरलाय, आता कशाला? संध्याकाळी ती पुन्हा म्हणाली, मग रडली, मग ओरडली. सासूबाई म्हणाल्या, हिचे दिवस जवळ आलेत, पोर उगाच घाबरंल. सुजयनं तिला समजावलं, फॅमिली डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेली झोपेची गोळी दिली, बाजूच्या खोलीत नेऊन निजवलं. "आणि मी घेतली गोळी," केतकी म्हणाली. "मलाही वाटलं, हे माझ्या डोक्यातलंच असेल. दर महिन्याला असतंच." पहाटे सुजय एकटाच गार्गीला घेऊन गेला. केतकीला जाग आली तेव्हा सात वाजले होते आणि फोन वाजत होता.

थोड्या वेळानं तिनं पर्समधून एक वही काढली. प्रयोगशाळेची जुनी नोंदवही. शेवटच्या पानावर तिनं त्या दिवशी गार्गीच्या तापाचा तक्ता लिहिला होता, बॉलपेननं.

"कागदावरची रेघ वाचते का पाटी?"

"कागदावर उमटलेला दाब मोजून अंदाज करता येतो. पण कशासाठी?"

"मला एकदाच कळू दे डॉक्टर, की ती भीती माझी होती. आजाराची नव्हती."

डॉक्टर नको म्हणत होत्या. केतकीनं त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांनी पान पाटीखाली ठेवलं. मिनिटभरात आकडा आला.

चक्राचा वाटा, एकसष्ट टक्के.

केतकी त्या आकड्याकडे पाहतच राहिली. तिचं आयुष्य आकड्यांवर विश्वास ठेवण्यात गेलं होतं. "म्हणजे ते बरोबर बोलत होते," ती म्हणाली.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "हा आकडा तुमच्या हाताबद्दल सांगतो. तुमचा हात कशानं थरथरत होता, एवढंच. तुम्ही काय लिहिलंय, ते पाटीला वाचता येत नाही. ते मी वाचते." त्यांनी पानावर बोट ठेवलं. "दुपारी दोन, ताप नव्याण्णव, हात गार. चार वाजता, पोट दुखतं म्हणाली, एकदा उलटी. सहा वाजता, सकाळपासून लघवी नाही. पावणेसात, तळपाय ओलसर गार, हाक मारली तर उशिरा ओ देते. केतकीताई, डेंग्यूत ताप उतरतो तीच वेळ धोक्याची असते. मी हे पान त्या दिवशी पाहिलं असतं, तर रिक्षाची वाट न बघता घेऊन या म्हणाले असते."

केतकीनं वही जवळ ओढून त्या ओळी पुन्हा वाचल्या.

"त्या दिवशी तुम्ही आजारी होता," डॉक्टर म्हणाल्या, "आणि बरोबरही होता. दोन्ही एका वेळी असू शकतं. हे आम्ही बायकांना सांगायला विसरलो."

ती घरी पोचली तेव्हा सुजय दारातच उभा होता. उपचाराच्या कागदांवर सोबती म्हणून त्याचं नाव होतं, त्यामुळं प्रत्येक आकडा त्याच्या फोनवरही जायचा. जुन्या नोंदीची तारीख त्यानं पाहिली होती. त्याचे डोळे लाल होते, पण चेहरा सैल पडला होता, कितीतरी वर्षांनी.

"एकसष्ट," तो म्हणाला. "केतकी, मी सहा वर्षं... मला वाटायचं, तू म्हणतेस तेच खरं असेल तर? पण बघ ना. एकसष्ट आहे. मी तरी काय समजणार होतो?"

त्याला सुटका झाल्यासारखं वाटत होतं. त्याच्या आवाजातला तो सुटकेचा सूर तिला दुधाच्या चटक्याहून जास्त लागला. पूर्वी ती यावर किंचाळली असती. आता तिनं वही उघडली, पाटावर बसली आणि वाचायला सुरुवात केली. दुपारी दोन. चार. सहा. पावणेसात. आवाज जराही चढला नाही.

"पुरे," सुजय म्हणाला.

"हे तेव्हाही मी तुला वाचून दाखवलं होतं."

"तू ओरडत होतीस तेव्हा."

"हो. ओरडत होते. पण शब्द हेच होते."

सासूबाई आतल्या दाराला धरून उभ्या होत्या. त्या हळूहळू येऊन खाली बसल्या. सत्तरी पार केलेली बाई, बसायलाही वेळ लागला. "हात गार होते," त्या म्हणाल्या. "मीबी लावून बघितले होते. मला वाटलं पंख्यानं असतील. हिचं ऐकलं तर ही दर महिन्याला डोक्यावर बसंल, असंबी वाटलं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "सहा वर्षं मी ते कुणाला बोलले नाही."

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. कुणी कुणाला दोषही दिला नाही. द्यायला आता काही उरलं नव्हतं, सगळं समोरच पडलेलं होतं.

महिन्याभरानं केतकीनं जतच्या छोट्या प्रयोगशाळेत बदली मागून घेतली. रागानं नाही. तिनं सुजयला तसं सांगितलंही. "इथं मला श्वास पुरत नाही. तू येत जा." तिनं सोबती म्हणून दिलेलं त्याचं नाव उपचाराच्या कागदांवरून काढलं, उपचार मात्र सोडला नाही.

सुजय रविवारी रविवारी एसटीनं यायला लागला. सासूबाईंनी बांधून दिलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन. पहिले दोन रविवार ती दोघं पाण्याच्या टँकरबद्दल आणि जतच्या उन्हाबद्दल बोलली. तिसऱ्या रविवारी केतकी म्हणाली, "गार्गीला चटणी तिखट लागायची. पाण्यात कालवून खायची." सुजयनं मान हलवली. मग म्हणाला, "दह्यात. पाण्यात नाही, दह्यात." त्यावर ती दोघं वाद घालत बसली आणि बोलता बोलता संध्याकाळची बस चुकली.

मग दर रविवारी थोडं थोडं निघत गेलं. तिचा एक चुकीचा म्हटलेला पाढा. आंघोळ म्हटली की पळून जायची ती. डाव्या कानाजवळचा तीळ. सहा वर्षं बंद ठेवलेल्या पेटीतल्यासारखं एकेक बाहेर येत होतं, आणि प्रत्येक वेळी दुखत होतं.

एका दुपारी केतकीनं विचारलं, "शेवटचं काय बोलली ती? रिक्षात?"

सुजयनं हातातलं भाकरीचं ताट खाली ठेवलं. "बेशुद्ध होती."

"सुजय."

त्यानं अंगणातल्या सिमेंटच्या टाकीकडे तोंड फिरवलं. "रिक्षात नाही," तो शेवटी म्हणाला. "घरातून निघताना. मी तिला खांद्यावर घेतलं होतं. तुझ्या खोलीच्या दाराशी आलो, तुला उठवायला. कडीला हात लावला. तर ती म्हणाली, बाबा, आईला उठवू नको. तिला बरं नाहीये. ती उद्या बरी झाली की सांगू."

केतकीनं भाकरीचं ताट बाजूला सारलं.

"मी कडी सोडली," सुजय म्हणाला. "तिनं सांगितलं म्हणून नाही. मलाच तुझी भीती वाटत होती. तू म्हणशील, मी सांगितलं होतं, म्हणून. आणि ते तिला कळलं होतं गं. पाच वर्षांच्या पोरीला. आपल्या घरात या दिवसांत आईकडे जायचं नसतं, हे आपणच शिकवलं होतं तिला."

बाहेर टँकर आल्याची हाकाटी झाली. गल्लीतल्या बायका घागरी, बादल्या घेऊन धावल्या. कुणीतरी केतकीच्या दारावर थाप मारून ओरडलं, "ताई, पाणी आलं!" ती उठली नाही. पाळीला अजून पाच दिवस होते. आकडा पाहिला असता तर दहाच्या आत निघाला असता.

ती रडायला लागली. सुजय उठून तिच्याजवळ येऊ लागला, मग अर्ध्या वाटेतच थांबला, यावं की नाही हे न कळून. ती रडता रडता त्याच्याकडे बघत होती. तिनं हात पुढं केला नाही, आणि जा असंही म्हणाली नाही. बाहेर टँकर रिकामा होऊन निघून गेला, तरी ती दोघं तशीच होती.